साहेबाचं पान

आमच्या शेजारचे आप्पा दरवर्षी पितृपक्षात म्हाळाला आईवडिलांच्या बरोबरीने एका आयरिश साहेबाचंही पान वाढत. हा साहेब त्यांचा कोणी नव्हे. त्यांच्या माडांच्या बागेत त्याची जुनी कबर होती, एवढंच नातं. दगडावरचं नाव झिजलेलं. 'आयर्लंड' तेवढं मी वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून त्याला कोणी इंग्रज म्हटलं की आप्पा भडकत. "इंग्रेज नाय हां! आयरिश! आमच्यासारखोच इंग्रेजांक वैतागलेलो!"

एका म्हाळाला साहेबाच्या पानाला कावळा शिवेना. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं कबरीवर तसंच. मी गावातला इंग्रजीचा मास्तर, म्हणून मला हाक आली. "मास्तरा, ह्येका काय होया ता तुझ्या भाषेत इचार!" बी.ए. झालेला माणूस मी, कबरीपुढे हात जोडून इंग्रजीत विनवण्या करत होतो. शेवटी आप्पांनी पानात दोन बिस्किटं ठेवली. कावळा झपकन आला. माझ्यापेक्षा बिस्किटांचं इंग्रजी बरं निघालं.

चौऱ्याऐंशी सालच्या थंडीत आयर्लंडहून एक वयस्कर बाई पणजोबांची कबर शोधत मालवणात आली. गावाने तिला अर्थातच माझ्याकडे धाडलं. तिचं बोलणं मला चार आणे कळलं; उरलेल्या बारा आण्यांना "येस, येस" म्हणत मी तिला बागेत नेलं.

आप्पांनी कबर धुऊन ठेवली होती, पण चेहरा पडलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ही ह्येका घेवन जातली काय रे?"

"हाडां कोण न्हेता, आप्पानू!" मी हसलो.

आप्पा हसले नाहीत. "तिचो पणजो, म्हणजे तिचो हक्क. माझो काय?"

बाईने दगडावर कागद धरून वरून पेन्सिल घासली. झिजलेली अक्षरं हळूहळू उमटली. नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. बाई मटकन खाली बसली आणि डोळे पुसू लागली. आता शोधायला दुसरी जागा उरली नाही, असं काहीसं ती म्हणाली.

आप्पांचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला. पण बाईला रडताना बघून तेच ओशाळले. कोकम सरबत तिच्यापुढे करत म्हणाले, "गप रव गो बाये. मास्तरा, तिका इचार, पणज्याचा नाव काय? जागो मिळाक नाय तर रवांदे. तेचा पान मी वाढतंय."

पान म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना मला घाम फुटला. तिला समजलं तेव्हा तिने आप्पांचे दोन्ही हात धरले आणि नाव सांगितलं. आप्पांनी ते घोळवून घोळवून पाठ केलं.

"आप्पानू, एक सायब पुरो नाय काय?" मी चेष्टा केली.

"बायल गेली तेव्हापासना एकटोच जेवतंय रे," आप्पा म्हणाले. "पोर ना बाळ. वर्साक एक दिस घरात पंगत बसता. मेलेल्यांची तर मेलेल्यांची."

ते काय म्हणाले, असं बाईने मला विचारलं. तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं.