सुभानजी जासुदाचे करखुणेची बखर

श्री. ज्याणें चंद्रसूर्यांस प्रकाश दिधला आणि त्यांतून आपला हिस्सा कापून घेतला नाहीं, त्या परमेश्वरास साष्टांग नमस्कार करून लिहितों ऐसीजे. शके सतराशें तेरा, विरोधकृत् नाम संवत्सर, ते समयीं एक राज्य होतें. राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं. महाराज बहुत न्यायी, प्रजेवर पुत्रवत् प्रेम करीत, आणि पुत्राचे हातीं पैका खुळखुळला तर पुत्र बिघडतो हें जाणून असत. मग महाराजांनीं विचार केला कीं, चाकरांस आधीं पगार द्यावा आणि मग त्यांचे दारीं जाऊन कर मागावा यांत दोहीं पक्षीं श्रम. सबब कर आधींच कापावा आणि उरेल तें हातीं ठेवावें. आणि कोणाचें किती कापावें हें कळावें म्हणोन हरएक चाकराचे नांवापुढें एक अक्षर घातलें, त्यास करखूण म्हणत. जैसी खूण तैसी कपात. आणि खुणेची चिठी ज्याची त्यास घरपोंच होई, आणि चिठीचे तळीं मुंगीचे पायाएवढ्या अक्षरांत लिहिलें असे कीं, खूण बरोबर आहे कीं नाहीं हें ज्याचें त्याणें पाहणें, न पाहिल्यास सरकारचा दोष नाहीं, पाहिल्यासही नाहीं. ऐसी चोख व्यवस्था पृथ्वीवर अन्यत्र नव्हती.

त्या राज्यीं सुभानजी लेंभे म्हणोन एक जासूद होता. सरकारचे लखोटे पायीं धांवत पोंचवावे हें त्याचें काम, आणि पाय ऐसे कीं, स्वाराचे घोड्यास खोगीर चढे तों हा वेशीपार होई. त्याचे नांवापुढें 'पा' ही खूण होती, म्हणजे पायीं, आणि पायीं चालणारास कपात थोडकी होती. ऐसें सुरळीत चाललें असतां खुणांचे दप्तरीं त्रिंबकपंत आगटे नवे अंमलदार होऊन आले. पंत बहुत विद्वान. त्यांणीं दप्तर चाळिलें आणि 'पा' म्हणजे पालखी ऐसा अर्थ लाविला, कारण पंत जन्मांत पायीं चालले नव्हते आणि तो शब्द त्यांस सुचला नाहीं. मग पालखींत बसणाऱ्या सरदारांस जैसी कपात तैसी सुभानजीस लागूं जाहली, आणि महिनाअखेर त्याणें घरीं जें नेलें तें मुठींत मावलें.

सुभानजीची बायको गोजाबाई तोंडाची फटकळ आणि मनाची निर्मळ. तिणें ते पैसे पाहिले, नवऱ्याचे तोंडाकडे पाहिलें आणि विचारलें, "बाकीचे कुणाकडं ठेवून आलात?"

"अगं, एवढेच मिळाले."

"महिनाभर रान तुडवायचं आणि एवढेच? मला काय खुळी समजलात? लखोटे नेता त्या गावी दुसरं बिऱ्हाड थाटलंय, सरळ सांगा ना."

सुभानजी वाघाचे रानांतून एकटा जात असे, परंतु ते रात्रीं तो ओसरीवर जाऊन निजला. पुढले महिन्यांतही तेंच जाहलें, आणि मग गोजाबाईनें बोलणेंच टाकिलें. ती जेवण वाढी, तांब्या ठेवी आणि भिंतीकडे पाहत उभी राही. सुभानजीस कपातीचें दुःख सोसवलें असतें, तें भिंतीकडचें पाहणें सोसवेना. मग त्याणें शेजारच्या भटजीकडून चिठी वाचून घेतली आणि खूण तपासावयास दप्तरीं निघाला, आणि गोजाबाईही पदर खोंचून मागोमाग निघाली, कारण तिलाही तपासावयाचें होतें. खूण नव्हे, नवरा.

पंत तक्क्यास टेकून विडा चघळीत होते. सुभानजीनें मुजरा करून गाऱ्हाणें सांगितलें. पंत म्हणाले, "खूण बरोबर आहे."

"पंत, आपण अजून पाहिलीही नाहीं."

"पाहावयाचें काय कारण? चुकीची असती तर आम्हीं ठेविली असती काय? तुम्हांस पालखी आहे, त्याची ती खूण."

पालखी हा शब्द कानीं पडतांच गोजाबाईची वाचा परत आली. "पालखी? मी डोईवर हंडे वाहते आणि हे पालखीतनं हिंडतात? आणि काय हो पंत, आत यांच्याजवळ कोण बसतं?"

"तें या दप्तरीं नाहीं," पंत गंभीरपणें म्हणाले. "त्यास निराळी खूण आहे."

सुभानजीस रडूं फुटावयाचें राहिलें. त्याणें खालीं बसून भेगाळलेले तळपाय पंतांपुढें केले आणि म्हणाला, "हे पाय पाहा, पंत. पालखीतल्या माणसाचे ऐसे असतात?"

"पाय हा दस्तऐवज नव्हे. पालखी नाहीं म्हणतां, तर ती परत केल्याची पावती पालखीखान्यांतून आणा." मग दोघें पालखीखान्यांत गेलीं, तों तेथील दरोगा म्हणाला, "पावती आत्तां देतों. आधीं पालखी जमा करा." भर उन्हांत नवरा उभा राहून, नसलेली पालखी जमा करून घ्या म्हणोन हात जोडतो, हें गोजाबाईनें डोळ्यांनीं पाहिलें, आणि तिचा राग नवऱ्यावरून उठला तो दप्तरावर जाऊन बसला. "चला," ती म्हणाली, "गाऱ्हाणं महाराजांच्या पायांवर घालू. आणि घरी आल्यावर तुमच्या पायांना तेल लावते." सुभानजीस वाटलें, कपात सगळीच जाहली तरी आतां चिंता नाहीं.

दरबार भरला, महाराजांनीं गाऱ्हाणें ऐकिलें आणि पंतांस पुसिलें. पंत हात जोडून बोलिले, "महाराज, एक खूण चुकली म्हणावयास जड नाहीं. परंतु मग लोक दुसरी पाहतील, तिसरी पाहतील. आज हा पाय दाखवितो, उद्यां कोणी पोट दाखवील." महाराज चिंतेंत पडले, डोळे मिटले, आणि मग निवाडा दिधला कीं, दप्तरही खोटें होऊं नये आणि इमानी चाकरही खोटा होऊं नये, सबब सुभानजीस पालखी द्यावी. सर्वांनीं धन्य धन्य म्हटलें. आणि पालखीस भोई लागतात, त्यांचा पगार सुभानजीचे पगारांतून कापावा ऐसें ठरलें, आणि पालखीवाल्यानें पायीं हिंडल्यास तो पालखीचा अपमान समजून दंड करावा ऐसेंही ठरलें. याप्रमाणें खूण तपासली गेली आणि बरोबर निघाली.

थोडके दिवसांनीं शत्रूची फौज सरहद्दीस आली. घाटावरील किल्लेदार गाफील, दरवाजे सताड उघडे; त्यास सावध करावयाचा लखोटा सुभानजीचे हातीं आला आणि तो लखोटा घेऊन पालखींत बसला. भोई सावकाश चालत. वाटेवरचे पहिलेच गांवीं पालखी पाहून पाटील हार घेऊन आडवा आला, वाजंत्री आली, आणि सुभानजी गुडघे छातीशीं धरून आंत तळमळूं लागला. किल्ल्यावर त्याचे ओळखीचीं माणसें होतीं, लेकुरवाळीं होतीं. गोजाबाई त्याचे भाकरीचें गांठोडें घेऊन पालखीबरोबर चालत होती.

सुभानजी म्हणाला, "मला उतरूं द्या, मी धांवतों."

भोयांचा नाईक काकुळतीस आला. "धनी, रिकामी पालखी नेली तर आमची कातडी सोलतील."

गोजाबाईनें गांठोडें नवऱ्याचे हातीं दिलें. "रिकामी कशाला? उतरा तुम्ही, मी बसते." आणि ती आंत बसली, पडदे सोडिले आणि पडद्यांतून म्हणाली, "जावा आता. मागं बघू नका."

मग सुभानजी जो सुटला तो ओढे, काटे, कडे कांहीं न पाहतां धांवला, घाटाची उभी वाट चढला, तळपाय रक्तानें माखले, आणि किल्ल्याचे दरवाजांत जाऊन कोसळला. दरवाजे लागले, तोफा भरल्या, आणि शत्रु आला तो येथें डाळ शिजणार नाहीं हें जाणून माघारीं गेला. गोजाबाईची पालखी मागाहून हारतुरे घेत घेत पोंचली.

दरबारांत आनंदीआनंद जाहला. पंतांनीं निवेदन केलें कीं, पालखी दिल्यामुळें लखोटा वेळेवर पोंचला. सुभानजी उठून म्हणाला, "महाराज, खरें सांगूं तर मी पायीं..." तों पंत हळूच म्हणाले, "पायीं गेल्यास दंड आहे," आणि सुभानजी खालीं बसला. मग पंतांस सोन्याचें कडें मिळालें, आणि राज्यांतील यच्चयावत् जासुदांस पालख्या देऊन त्यांच्या खुणा बरोबर करण्यांत आल्या. सुभानजीनें पालखी जमा केली, पावती मागितली नाहीं, आणि चाकरी सोडून गोजाबाईसह तिचे माहेरचे गांवीं गुळाचा व्यापार करूं लागला. तेथें तो रोज चाले, आणि ती त्याशीं दिवसभर बोले.

पुढले सालीं शत्रु पुन्हां आला. जासूद पालख्यांतून निघाले, वाटेवर हार घेतले, आणि शत्रु येत आहे ही खबर राजधानीस पोंचली तों शत्रु आंघोळ करून गादीवर बसला होता. महाराज रानांत गेले, तेही पायींच. नवे धनी यांणीं पंतांस धरून आणिलें आणि दप्तराकडे बोट करून पुसिलें, "हें काय?"

"खुणा, सरकार. कोणाचें किती कापावें त्याच्या."

"बरोबर आहेत?"

"तपासलेल्या आहेत," पंत बोलिले, आणि नवे धनी संतुष्ट होऊन पंतांस दुसरें कडें देते जाहले.

येणेंप्रमाणें राज्य गेलें, किल्ले गेले, दप्तर राहिलें. आपली खूण तपासणें हा हरएक चाकराचा हक्क आहे आणि तो त्याणें अवश्य बजावावा. तपासलेली खूण बरोबर करून मिळत नाहीं, बरोबर ठरवून मिळते. लेखणी येथें ठेविली. लिहिणाराचें नांव पुसूं नये, कारण नांव आलें कीं त्यापुढें अक्षर येतें.