बखर चिकटवलेल्या शुभेच्छांची

श्रीगजानन, जो पत्रिकेच्या माथ्यावर बैसतो आणि ज्यास रद्दीत टाकावयास कोणी धजत नाही, तो प्रसन्न असो. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारीनाम संवत्सरे, आश्विन वद्यपक्षापासोन पुढे एका राज्यात जे वर्तमान घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव सांगत नाही, कारण मंडळी हयात आहेत आणि रागीट आहेत.

त्या राज्याचे धनी बापूसरकार, आणि त्यांची वडील बहीण वेणूआक्कासाहेब, पल्याडच्या संस्थानी दिलेल्या. सरकारांस कन्या नाही, एकच पुत्र. बारा वर्षांमागे त्याची मुंज जाहली, तेव्हा आक्कासाहेबांकडे अक्षत घेऊन घरच्या कोणी जावे ते कोणी गेले नाही. पत्रिका जासुदाहाती धाडिली, आणि जासुदाने ती दरवानास दिली, आणि दरवानाने ती दाराच्या फटीतून आत सारिली. आक्कासाहेब बोलिल्या, "फटीतून आलेल्या आमंत्रणाला फटीतूनच जावं लागेल, आणि मी फटीत मावत नाही." ते खरेच होते, त्या शरीराने भरभक्कम. तो रुसवा बैसला तो उठेना. दर भाऊबीजेस इकडे बापूसरकार पाटावर बैसत, कपाळ पुढे करीत, आणि ओवाळणार कोणी नाही म्हणोन तैसेच उठत, आणि डोळे पुसून समईच्या धुराचे नाव सांगत. तिकडे आक्कासाहेब, भाऊ धडधाकट असता, भाऊ नसलेल्या बायांप्रमाणे चंद्रास ओवाळीत, आणि ही खबर सरकारांच्या कानी जाईल इतक्या मोठ्याने ओवाळीत.

समेटाचे यत्न होत नव्हते ऐसे नाही. चिटणीस त्र्यंबकपंत दर दिवाळीस छापील शुभेच्छापत्र धाडीत, मध्ये समई, भोवती तोरण, खाली 'शुभ दीपावली'. नमुना पंतांच्या आजोबांपासोन एकच. ती पत्रे आक्कासाहेब लोणच्याच्या बरण्यांवर झाकण म्हणोन घालीत, ऐसे हेर सांगत. ते ऐकोन राणी चिमाबाईसाहेब म्हणाल्या, "पंत, यंदा आक्कांचं पत्र मी करते. हातानं." पंत म्हणाले, "बाईसाहेबांना चित्र काढता येतं हे ठाऊक नव्हतं." बाईसाहेब म्हणाल्या, "नाहीच येत. पण कात्री धरता येते."

मग मोहीम सुरू जाहली. महालाच्या माळ्यावर तीन पिढ्यांच्या लग्नपत्रिका पडोन होत्या. लग्ने होऊन संसार जुने जाहले, कित्येक मोडलेही, परंतु पत्रिकेवर गणपती म्हणोन टाकवेना, आणि ठेविता ठेविता माळा वाकला. बाईसाहेबांनी ते सर्व गणपती खाली उतरविले आणि मैद्याची खळ शिजविली. प्रथम ती पातळ जाहली आणि कागदाची लापशी जाहली. पुढे घट्ट जाहली, आणि एक गणपती बाईसाहेबांच्या कोपरास चिकटला, आणि त्या तैशाच दरबारात गेल्या, आणि मानकरी कोपरास नमस्कार करोन बैसले. मग मुंग्यांनी स्वारी करोन चांगलीशी कार्डे खाल्ली, तेव्हा खळीत मोरचूद घालोन त्यांचा बीमोड केला. पंत नित्य दारात उभे राहोन "छापील तयार आहे" ऐसे म्हणत, आणि ते म्हणणे अंगावर येई ते मी सांगतो, कारण ही बखर लिहिणारा मीही तेथेच उभा असे. आणि मग एके सकाळी चहाचा पेला कार्डावर लवंडला. बाईसाहेब रडकुंडीस आल्या, कार्ड फेकावयास हात उचलिला, तो डाग नजरेस पडला, आणि ती हुबेहूब नदीकाठची संध्याकाळ. त्यांनी तिजवर पांढऱ्या कागदाचे दोन बगळे बैसविले, आणि तेथोन त्यांची भीड चेपली. बिघडले ते टाकीनात, त्यावर आणखी काय शोभते ते लावोन पाहात. फुटकी बांगडी लाविली, चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद लाविला, शेवंतीच्या पाकळ्या लाविल्या त्या काळ्या पडल्या, तर त्यांचे कावळे केले. सरकारांच्या पागोट्याचा जरीकाठ सरकार निजले असता कापिला, आणि पंतांच्या उपरण्याची किनार पंत जागे असता. त्या दिवसांत बाईसाहेब जैशा हसत तैशा मी त्यांस कधी पाहिल्या नव्हत्या.

मग आक्कासाहेबांचे कार्ड सिद्ध जाहले. वर गणपती, खाली चहाची संध्याकाळ, बगळे, जरीचा बांध. आणि सोनेरी अक्षरे हवीत म्हणोन एका पत्रिकेतून 'आग्रहाचे निमंत्रण' आणि दुसरीतून 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' ऐशा ओळी कातरोन डकविल्या, कारण झळझळीत शाई तेवढीच उरली होती. वाचोन कोणी पाहिले नाही. पंतांनी पाहिले, परंतु ते किनारीपायी रुसले होते, बोलिले नाहीत. कार्ड रवाना जाहले. उत्तर आले नाही. भाऊबीज आली, सरकार पाटावर बैसले, दाराकडे पाहात राहिले, आणि उठले. या खेपेस धुराचे नावही घेतले नाही. बाईसाहेबांनी कात्री पेटीत ठेविली आणि म्हणाल्या, "छापीलच बरं होतं, निदान बरणीला कामी येई."

आणि कार्तिक शुद्ध द्वादशीस, दिवस कलता, वेशीवर सनई वाजू लागली. पंत धावत आले, तोंड पांढरेफटक, म्हणाले, "आक्कासाहेब आल्या. वऱ्हाड घेऊन. आहेर, लाडू, वाजंत्री सगळं आणलंय. लग्नाला आल्यात." सरकार म्हणाले, "कुणाच्या?" तेव्हा पंतांनी सोनेरी ओळीचा मजकूर सांगितला, आणि सरकार म्हणाले, "चूक झाली म्हणून सांगा जाऊन." बाईसाहेब म्हणाल्या, "चूक म्हटलं की त्या तशाच फिरतील, आणि मग जन्मात नाही येणार." ऐसे बोलोन त्यांनी हळदकुंकू आणि मूठभर अक्षता घेतल्या, आणि स्वतः चालत वेशीपर्यंत गेल्या.

आक्कासाहेब मेण्यातून उतरल्या, पैठणी सावरली, आणि म्हणाल्या, "लग्न कुणाचं आहे, वहिनी? ताई दाखव कोण ती." बाईसाहेबांनी त्यांच्या हाती अक्षता दिल्या, कुंकू लाविले, आणि हात धरोन मागील अंगणी नेले. तेथे वृंदावन रंगविलेले, भोवती उसाची खोपटी, मुळाशी आवळे आणि चिंचा. "ही," बाईसाहेब म्हणाल्या. वाजंत्री थांबली. पंतांनी डोळे मिटले. आक्कासाहेबांनी तुळशीकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले, तो केस पिकलेला खांबाआड उभा. मग म्हणाल्या, "आणि करवली कोण?"

"जागा रिकामीच आहे, आक्का."

मग आक्कासाहेब करवलीच्या मानाने उभ्या राहिल्या, आणि मंगलाष्टके अशी खणखणीत म्हटली की भटजी मध्येच गप्प जाहले. पंगत उठल्यावर त्यांनी ते कार्ड कनवटीतून काढिले आणि म्हणाल्या, "वहिनी, बापूला मुलगी नाही हे मला ठाऊक नाही होय? पण इथं खळीत तुझा केस चिकटलाय बघ. छापखान्याला केस नसतात. म्हटलं, बाई स्वतः बसलीय माझ्यासाठी. भाऊबीजेला आले असते तर मी नमले असं झालं असतं. लग्नाचं आमंत्रण होतं, मग काय, आले." आणि निरांजन मागविले. सरकार पाटावर बैसले, आणि ओवाळितेवेळी रडले, आणि आक्कासाहेब, ज्यांचेही हेर होते, म्हणाल्या, "आता धूर आहे, चालेल."

पुढे पंतांनी फर्मान काढिले की यापुढे प्रत्येक शुभेच्छापत्रात एक केस चिकटवावा. पंतांस टक्कल, म्हणोन त्यांनी आपल्या मिशीचे दिले. बाईसाहेबांनी फर्मान रद्द केले, परंतु मिशी अद्याप भरली नाही. सारांश, माळा मोकळा जाहला, लोणच्याच्या बरण्यांस दुसरी झाकणे पाहावी लागली, आणि त्या राज्यात भाऊबीज आजतागायत तुळशीच्या लग्नादिवशीच होते.