तीन नळ्यांचं सिलिकॉन

"वास्तुशांतीले मी येस्टीनं जाईन. तुमच्या जीपमधी मी पाय ठेवनार नही," हे वाक्य लताबाईंनी चहाच्या कपाबरोबरच तोतारामसमोर ठेवलं आणि त्या पुन्हा स्वयंपाकघरात गेल्या.

चहा तसाच निवत राहिला. तोताराम चौधरीची फैजपूरजवळ केळीची बाग होती आणि दारात वडिलांपासूनची जीप होती. जीप चालायची झकास, फक्त जिथे उभी राहील तिथे तेलाचा डाग ठेवून यायची. गावात याचं कोणाला काही वाटत नसे. पण दिवाळीत ती धुळ्याला, देवपुरात, साडूच्या बंगल्यात उभी राहिली. साडू प्रेमराज म्हणजे लताबाईंच्या धाकट्या बहिणीचे, कामिनीचे यजमान. त्यांच्या पोर्चमध्ये नुकत्याच पांढऱ्या शुभ्र फरश्या बसल्या होत्या. प्रेमराज तोंडाने काही बोलले नाहीत. त्यांनी डागाचा फोटो काढला आणि 'पाहुण्यांची आठवण' असं लिहून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. आता त्याच बंगल्याची वास्तुशांती होती.

"त्या फोटोखाली सगळ्यांनी दात काढले," आतून आवाज आला. "माह्या सख्ख्या भावानंबी. मले तोंड दाखवाले जागा ठेवली नही."

"अवं, पन इंजिन पूर्न खोललंय ना! आता थेंब पडनार नही."

"मंग तिथी जाऊन दाखवा. मी येस्टीतून पाह्यते."

इंजिनाचं काम खरोखरच चालू होतं. अभिमन मेकॅनिकने बोअर करून, रिंगा बदलून सगळं जुळवत आणलं होतं. राहिलं होतं एकच, चेंबर. म्हणजे इंजिनाच्या बुडाशी बसतं ते तेलाचं भांडं. त्याच्या कडेला सिलिकॉन लावून ते चिकटवायचं, की झालं. पण नेमकं शनिवारी सकाळी अभिमन नवा शर्ट घालून हजर झाला.

"दादा, मी पाचोऱ्याले चाललो, मेव्हनीचा साखरपुडा हाये. चेंबर सोमवारी बसवू."

"आनि वास्तुशांती उद्या हाये तिचं काय?"

"येस्टीनं जा ना," अभिमन म्हणाला. तो निष्पाप होता, पण तोतारामला त्या शब्दाचीच चीड आली. त्याने सरळ मोटारसायकल काढून जळगाव गाठलं.

स्पेअर पार्टच्या दुकानातल्या माणसाने काचेवर तीन नळ्या मांडल्या. "कशाला लावायचंय?"

"इंजिनले."

"इंजिनात कुठे? हेड, चेंबर, वॉटर पंप?"

तोतारामने लग्नाची खरेदी केली तेव्हासुद्धा एवढी चौकशी कोणी केली नव्हती. "यात भारी कोनतं?"

"भारी असं नसतं, भाऊ. लाल आहे ते जास्त तापणाऱ्या जागेला. काळं तेलाला. करडं पकडीला जबरदस्त. चेंबरला काळं बास होईल. बारीक धार ओढायची."

'बास होईल' आणि 'बारीक' हे दोन्ही शब्द तोतारामला कद्रूपणाचे वाटले. इंजिन तापतं, त्यात तेल असतं आणि पकड तर हवीच. "तिन्ही द्या," तो म्हणाला.

सिलिकॉन त्याने आयुष्यात लावलं नव्हतं. पण ठिबकच्या पायपाला सोल्यूशन लावण्यात शिवारात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. सोल्यूशन सढळ हाताने फासायचं, पाइप दाबायचा, दहा आकडे मोजायचे आणि मोटर चालू करायची. वीस वर्षांत एक सांधा निखळला नव्हता. नळीवर बारीक अक्षरात बरंच काही छापलेलं होतं, पण ज्याला काम येतं तो वाचत बसत नाही.

त्याने लालचा एक फेरा दिला, त्यावर काळ्याचा, त्यावर करड्याचा. कौतिकआबा, म्हणजे त्याचे चुलते, खाटेवर बसून देखरेख करत होते. गावातलं कुठलंही काम आबांच्या देखरेखीशिवाय बिघडत नसे.

"अजून लाव रे. हात काहाले आखडू राह्यला?"

"आबा, पुरे झालं."

"तुह्या बापानं जीप घेतली तव्हा असा विचार केला नही."

बापाचं नाव निघाल्यावर तोतारामने आणखी एक फेरा दिला. चेंबर वर चढवलं आणि आबांनी सांगितलं तसे बोल्ट जीव खाऊन आवळले. चहूकडून तिरंगी वळ्या बाहेर आल्या. लताबाई खरकटं टाकायला बाहेर आल्या होत्या, त्या वाकून बघायला लागल्या.

"हे काय? कसं गबाळं दिसू राह्यलं! सरका तिकडे."

त्यांनी बोट पाण्यात बुडवलं आणि करंजीच्या कडेला घालतात तशी सगळ्या चेंबरला मुरड घालून दिली. एवढं देखणं चेंबर आसपासच्या तीन तालुक्यांत नसेल. अडचण एवढीच, की बाहेर आलं होतं तेवढंच आतही गेलं होतं आणि आतल्या कडेला मुरड घालायला कोणी नव्हतं.

तोतारामने दहा आकडे मोजले, तेल ओतलं आणि किल्ली फिरवली. जीप गुरगुरून चालू झाली. खाली कोरा पुठ्ठा ठेवला होता, तो संध्याकाळपर्यंत कोराच राहिला. लताबाईंनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला आणि येस्टीचा विषय काढला नाही. तोतारामला त्या रात्री पोटभर झोप लागली.

रविवारी सकाळी एरंडोल मागे पडल्यावर समोरच्या मीटरच्या काट्यांमध्ये एक लाल दिवा लागला.

"आहो, हे काय पेटलं?"

"नवं इंजिन हाये. पह्यल्यांदा इतक्या लांब आलं, बावरलं असंन."

लताबाईंना दिवा डोळ्यात खुपत होता. त्यांनी आहेराचं पातळ आणि नारळ काचेपाशी असे ठेवले, की दिवा झाकला गेला. त्यामुळे पारोळ्यापर्यंत प्रवास सुखाचा झाला. पारोळ्याला इंजिनातून ठकठक ऐकू यायला लागली. थांबावं, असं तोतारामला शंभरदा वाटलं. पण थांबलो तर पुढे येस्टीच, हे त्याला दिसत होतं. "वाजू दे. थेंब तं पडत नही ना?" एवढंच तो म्हणाला.

प्रेमराजच्या गल्लीच्या तोंडाशी जीपने एक मोठा आचका दिला आणि ती गप्प झाली. मांडवातली चार माणसं धावली. मंत्रघोष चालू असताना, अंगावर अक्षता झेलत, जीप ढकलत ढकलत पांढऱ्या फरशीवर आली.

प्रेमराज सोवळ्यातच बाहेर आले. आधी त्यांनी पाहुण्यांकडे नाही, फरशीकडे पाहिलं. मग सोवळं सावरत उकिडवे बसले आणि जीपखाली मान घातली. बराच वेळ त्यांना काहीच सापडलं नाही.

"कोरडी आहे," ते जरा नाराजीने म्हणाले. "मग बंद का पडली?"

शेजारच्या गॅरेजवाल्या लोटनला बोलावलं. त्याने किल्ली फिरवून पाहिली, इंजिन हललं नाही. "भाऊ, तेल वर चढनं नही, इंजिन जाम व्हई गयं. चेंबर खोलनं पडी."

लोटन जीपखाली सरकला. बोल्ट सगळे निघाले. चेंबर निघालं नाही. त्याने पटाशी लावली, हातोडा घातला. मांडवातल्या दोन माणसांनी जोर लावला. पाहुणे पूजा सोडून भोवती जमले. बोल्ट काढलेलं चेंबर अधांतरी, आणि फरशीवर तेलाचा टिपूस नाही.

"भाऊ, हाई काय लायेल शे?" लोटनने खालून विचारलं.

"सिलिकॉन. तीन प्रकारचं."

"बठ्ठं एकजीव व्हई गयं. आतमा तेलनी जाळीमा याना तुकडा अडकेल व्हई. हाई लाईसन पुरा एक दिन सुकाले ठेवनं पडस. तुम्ही कितला टाइम ठेयं?"

"ठेवलं ना, बराच टाइम," तोतारामने दडपून सांगितलं. वडिलांच्या जीपचं इंजिन आपल्या हातून मेलं, हे त्याला कळून चुकलं होतं. दुसरीकडे लताबाई कामिनीला आणि जमलेल्या बायकांना हाताला धरून आणत होत्या. "पाहून घे. एक थेंब नही," त्या सांगत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका उजळलेला त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. रडावं की मिरवावं हे त्याला कळेना.

पाहुणे पुन्हा पूजेकडे वळले तेव्हा प्रेमराजांनी तोतारामचा दंड धरला. "साडूभाऊ, जरा वर येता?"

वरच्या खोलीला कुलूप होतं. आत नव्या पलंगावर दोन बादल्या, एक टोप आणि त्यात छतातून टपटप पडणारं पाणी. छताच्या नव्या रंगावर केळीच्या पानाएवढा डाग पसरला होता.

"गच्चीवरच्या टाकीला बुडाशी फट गेलीय," प्रेमराज कुजबुजले. "ठेकेदार फोन उचलत नाही. कामिनीशिवाय कोणाला माहीत नाही. तुमच्या त्या नळीत काही उरलंय का?"

"करड्यातलं हाये अर्धं, जीपमधी."

"मग लावा ना पटकन. तासाभरात पंगत बसेल."

तोतारामने छताच्या डागाकडे डोळे भरून पाहिलं. खिशातून मोबाइल काढला आणि एक फोटो काढला. प्रेमराजचा चेहरा पडला. तोतारामने थोडा वेळ तो तसाच पडू दिला, मग फोटो त्यांच्यादेखत पुसून टाकला.

"पटकन होत नही," तो म्हणाला. "आधी टाकी रिकामी करा. फट पुसून कोरडी करायची, बारीक धार ओढायची आनि पुरा एक दिवस पान्याचा थेंब लागू द्यायचा नही."

"एक दिवस? अहो, खाली सगळी भावकी जेवायला आलीय! एवढं काय होतं घाई केली तर?"

"काय होतं ते तुमच्या फरशीवर उभं हाये."

प्रेमराजांनी खिडकीतून खाली पाहिलं. लोटन अजून चेंबरवर हातोडा मारत होता. ते मुकाट्याने गच्चीवर गेले, टाकीची तोटी सोडली आणि पंगतीच्या पाण्यासाठी टँकरवाल्याला फोन लावला.