हरसिंगभाऊंची तपासलेली वही

शनिवारी सकाळची शाळा सुटली की हरसिंगभाऊ राठोड स्टाफरूमच्या दारात उभे राहतात आणि काखेतली वही माझ्यापुढे धरतात. वय बासष्ट. आमच्या दिग्रसच्या शाळेत तीस वर्षं शिपाई होते, रिटायर होऊनही दोन वर्षं झाली. तरी गृहपाठ तपासून घेतल्याशिवाय घरी जात नाहीत.

गृहपाठ दिला तो नागपूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी. तंबाखू-सुपारीच्या खर्‍यापायी हरसिंगभाऊंना गालाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मशीनखालचे रेडिएशनचे शेक झाले. मग समुपदेशनाच्या बाई म्हणाल्या, रोज पंधरा मिनिटं मनात येईल ते लिहा, कोणाला दाखवायची गरज नाही. त्यांना सगळं पटलं, फक्त शेवटचं सोडून. "तपासल्याबिगर कोनता अभ्यास असते, सर?" असं म्हणून ते थेट माझ्याकडे आले. तीस वर्षं माझ्या वह्यांचे गठ्ठे त्यांनीच वाहिले होते.

वही बघण्यासारखी. तांबडा समास, तारीख, विषय. 'विषय : गाल.' 'विषय : सुनेची अळणी भाजी.' एकदा लाल पेन सापडेना म्हणून मी निळी सही ठोकली, तर वही परत आली. निळी सही पालकाची असते म्हणे. एकदा सवयीनं 'अक्षर सुधारा' लिहिलं, तर पुढच्या शनिवारी दुरेघी वही विकत घेऊन हजर. स्टाफरूममध्ये आम्ही चहा सांडेस्तोवर हसलो, आणि सगळ्यात जास्त मी हसलो.

आता खरं सांगायचं तर मी ती वही वाचतच नव्हतो. एका तासात पन्नास वह्या हातावेगळ्या करणारा मास्तर मी. पान उलटायचं, खाली बरोबरची खूण, सही, मध्येच एखादं 'छान'. हरसिंगभाऊ बोलता बोलता म्हणायचे, "तुमाले तं मालूमच हाय, सर." मी मान डोलवायचो. काय मालूम आहे, ते विचारायची सोय नव्हती.

दिवाळीआधी वही भरली. शेवटचा मोठा शेरा मारा, म्हणून माझ्याकडे ठेवून गेले. मोठा शेरा मारायचा तर काहीतरी ठाऊक हवं, तेव्हा रविवारी पहिल्या पानापासून बसलो. मशीनखाली एकटं निजवलं तेव्हा याडी आठवली, असं एका पानावर होतं. याडी म्हणजे त्यांची आई. नातू तोंडाकडे पाहून रडला, तेव्हापासून त्याला लांबूनच बघतो, असंही होतं. मग पावसाळ्यातलं एक पान आलं.

'मंगळवारी नागपूरले दाखवाले जाचं हाय. पोराले सुट्टी भेटत नाही. कागदात काय निंगते त्याचं लय भेव वाटते. सर, तुमी संगं याल का?'

खाली लाल खूण, माझी सही आणि 'छान'.

मला माझीच लाज वाटली. बायको काही विचारायला आत आली, तर मी ते पान हातानं झाकलं. चोरी पकडली गेल्यासारखा बसून होतो.

वही घेऊन तसाच उठून त्यांच्या घरी गेलो. वही कधीच वाचली नव्हती, हे सांगून टाकलं. आणि वर शहाण्यासारखं विचारलं, की मला तोंडानं का नाही सांगितलं. हरसिंगभाऊंनी माझ्या हातातली वही घेतली आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवला.

"तुमी छान लिवलं होतं, सर. म्या समजलो, एकट्यानं जानंच बरं. गेलतो मंग."

रिपोर्ट चांगला आला होता. तो ऐकताना त्यांच्याशेजारी कोणी नव्हतं. त्यांनी सुनेला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि एवढ्या वह्यांत मास्तरला वेळ तरी कुठून मिळणार, असं म्हणून उलट माझीच समजूत घातली. पुढच्या तपासणीला मी येतो म्हणालो. ते हो म्हणाले.

आता नवी वही चालू आहे. मी अक्षर न् अक्षर वाचतो. समास आहे, तारीख आहे, विषय मात्र नसतो. रोज एकच ओळ असते.

'आज बरं हाय, सर. तुमी मनाले लावून घेऊ नका.'