किमान दहा

दुपारचे सव्वादोन वाजले होते. तान्हं झोळीत निजलं होतं, दिपाली अंगणात खेळत होती, आणि गरम चहा गरम असतानाच पिण्याचा योग रोहिणीच्या आयुष्यात फार दिवसांनी आला होता. तेवढ्यात फडताळातून 'टुईं' असा आवाज आला. झोळी हलली. चहा राहिला.

तो आवाज तिच्या नवऱ्याच्या दुसऱ्या संसाराचा होता. बजरंगचं धारूरच्या बाजारात बियाण्यांचं दुकान होतं, पण रविवारी तो डोंगरांचा होई. त्यासाठी त्यानं मुठीत मावेल असं एक यंत्र घेतलं होतं. आपण कुठं उभे आहोत, हे ते आभाळातल्या उपग्रहांना विचारून सांगे. घरात त्याला 'डबी' म्हणत. ज्या डोंगरावर बजरंग लहानपणी चुकलेल्या शेळ्या शोधत डोळे झाकून फिरला होता, त्याच डोंगरावर आता तो डबी धरून जाई आणि संध्याकाळी येऊन सांगे, "आज बी हरवलो न्हाई."

डबीच्या कोपऱ्यात 'अचूकता: ३ मीटर' असं दिसे. म्हणजे तिनं सांगितलेली जागा खऱ्या जागेपासून तीनेक मीटर इकडेतिकडे. रोहिणीला ते पुरेसं वाटे. तिच्या ओळखीची बरीच माणसं याहून जास्त चुकत होती आणि कोपऱ्यात तसं लिहीतही नव्हती.

त्याच आठवड्यात शिक्षण खात्याचं परिपत्रक आलं. पहिलीच्या प्रवेशासाठी प्रत्येक घराचं उपग्रही स्थान कळवावं. जे कळवणार नाहीत त्यांच्या पाल्यांना घाटाखालच्या शाळेत सामावून घेण्यात येईल. घाटाखालची शाळा तीन किलोमीटरवर होती. जवळच्या शाळेची घंटा रोहिणीला भाकरी थापताना ऐकू येई. दिपाली तर गेलं वर्षभर त्या घंटेवर उठत होती, जेवत होती, आणि कुणी विचारलं नाही तरी "माझी शाळा" असं सांगत होती.

"आपल्याला काय अवघड हाय?" बजरंग म्हणाला. "डबी हाय की!"

अंगणात उभं राहून त्यानं स्थान टिपलं आणि दोघं दिपालीला घेऊन कार्यालयात गेले. लिपिक विठ्ठलराव भला माणूस. त्यांनी दिपालीला गोळी दिली, अर्ज वाचला आणि हळहळून चष्मा काढला.

"बजरंगराव, लई कमी पडले ओ."

"काय कमी पडलं?"

"अचूकता. किमान दहा मीटर पायजे. तुमची तीनच हाय."

"काका," रोहिणी म्हणाली, "तीन म्हंजे तीनच मीटर चुकतंय. जितकं कमी तितकं चांगलं."

"चुकतंय हे बी वर कबूल करताय?" विठ्ठलरावांनी परिपत्रक पुढं सरकवलं. "हे बघा. 'किमान अचूकता दहा मीटर असणे अनिवार्य.' किमान म्हंजे काय? कमीत कमी. दहाला पास, तर तीनवाला कसा पास करू, सांगा."

"तिथं 'कमाल' लिहायचं आसंल, काका. चुकून 'किमान' पडलंय."

"ते आमाला बी वाटलं. पण किमानाचं कमाल करायला वरून मार्गदर्शन मागवावं लागतं. मागचं मार्गदर्शन यायला दीड वर्ष लागलं. तवर पोरगी दुसरीत जाईल."

"पहिलीतच घेतलं न्हाई तर दुसरीत कशी जाईल?"

"त्याच्यासाठी वेगळं मार्गदर्शन लागंल."

रोहिणी म्हणाली, "ही तर कमालच झाली." विठ्ठलराव म्हणाले, "न्हाई, किमानच हाय."

घरी आल्यावर बजरंग डबी मांडीवर घेऊन सुतकी तोंडानं बसला. पाच दिवसांची मुदत होती. रोहिणीनं त्याच्याकडे पाहिलं, दाराशी दप्तर पाठीला लावून उभ्या असलेल्या दिपालीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"डबीला आभाळ दिसलं की बरोबर सांगती ना? मग दिसूच देऊ नका."

बजरंगला हे ऐकवेना. डोंगरात याच अचूकतेसाठी तो उघड्या कातळावर जाऊन उभा राही. पण पोरीसाठी त्यानं काळीज घट्ट केलं. डबी लिंबाच्या झाडाखाली नेली, पाच मीटर. पत्र्याच्या न्हाणीत नेली, आठ. शेजारच्या छबुबाई भिंतीवरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "घंगाळ पालथं घाला की वरून!" तसं केल्यावर डबीनं 'उपग्रह सापडत नाहीत' असं जाहीर करून मान टाकली. मग रोहिणीनं घंगाळाची कड हाताच्या पंजाएवढी वर उचलली आणि श्वास रोखून धरली.

"अकरा!" बजरंग ओरडला. "बारा! चौदा! हलू नको, चौदा झाले!"

त्यानं बटण दाबलं. दिपालीनं टाळ्या वाजवल्या. छबुबाईंनी साखर आणली.

चौदा बघून विठ्ठलराव खुर्चीतून उठले. तालुक्यातली सगळ्यात जास्त अचूकता होती ती. फक्त नकाशावर घर थोडं सरकून छबुबाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यात गेलं होतं.

"पण हे तर चुकीचं हाय," रोहिणीनं हळूच सांगितलं.

"चुकीचं हाय, पण नियमात हाय," विठ्ठलरावांनी समजूत घातली. "वरील माहिती सत्य हाय, इथं सही करा."

रोहिणीनं सही केली. सुवाच्य केली. बजरंगनं पेढे वाटले.

पुढं सगळं रीतसर झालं. शाळेची पुस्तकं गोठ्यात पोचती झाली. शेळ्यांनी भाषेचं पुस्तक खाल्लं, गणिताचं ठेवलं. अख्खी गल्ली घंगाळ मागायला येऊ लागली. कुणी सव्वीस मीटर काढले, कुणी एकतीस. चाळीस मीटर काढणाऱ्या धर्मराज सराफांचं घर तळ्यात गेलं आणि त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. 'अचूकता कशी वाढवावी' यावर बजरंगचं व्याख्यान ठेवण्यात आलं. तो नको नको म्हणत गेला. रविवारी मात्र डबी न घेताच डोंगरात जाऊ लागला. तिच्याकडे बघवत नाही म्हणाला.

पण दिपाली शाळेत गेली. तिच्याच घंटेच्या शाळेत. रोहिणी भाकरी थापता थापता घंटा ऐके आणि मनाशी म्हणे, एवढ्यासाठी एकदा घंगाळ धरून खोटं सांगितलं तर काय बिघडलं?

पंधरा दिवसांनी दिपाली घरी आली ती मुसमुसत. पाटी आईपुढं धरली. तीन गणितं चुकली होती. बाईंनी तिन्हींवर फुल्या मारल्या होत्या.

रोहिणीनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. "त्याला काय होतंय? तीनच तर चुकल्यात. पुढल्या टायमाला नीट कर, एक बी चुकायची न्हाई."

दिपालीचं रडं थांबलं. तिनं आधी पाटीकडं पाहिलं, मग न्हाणीच्या कोपऱ्यात पालथ्या पडलेल्या घंगाळाकडं, आणि मग अगदी मनापासून आईला विचारलं,

"आई, डबी तीन चुकली तवा तिला नापास केलं. चौदा चुकली तवा पेढे वाटले. मग मला कशाला बरोबर करायला सांगतीस?"