तोंड फुगवून बसलेला बाप

माशांच्या जोड्या जमवण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, असं मी ऑफिसभर सांगून ठेवलं होतं! घरात खाऱ्या पाण्याची टाकी आली आणि मी थेट कार्डिनल मासेच आणायला निघालो. रुपेरी अंग, काळे पट्टे, पांढरे ठिपके आणि चेहरा मात्र कायम परीक्षेत नापास झाल्यासारखा!

दुकानदार म्हणाला, "सात-आठ न्या. ज्यांचं जुळतं ते आपणहून बाजूला होतात. बाकीचे परत आणा."

"छे हो! दोनच द्या. नर कुठला, मादी कुठली, मला बघताक्षणी कळतं!"

नशिबानं खरंच एक नर आणि एक मादी निघाली. दोघं जोडीनं फिरू लागली. आणि एके सकाळी नरानं खाणं टाकलं. तोंड गच्च मिटलेलं, गाल टम्म! मी घाबरून दुकानदाराला फोन केला.

"अहो, अभिनंदन! तोंडात अंडी आहेत. यांच्यात अंडी बाप सांभाळतो. पिल्लं बाहेर पडेपर्यंत तो उपाशीच!"

बायकोनं ही बातमी लगेच तिच्या आईला फोनवर सांगितली. तिकडे मिक्सर घरघरत होता. त्यातून सासूबाईंच्या कानात शिरलं ते एवढंच: "तोंड फुगवून बसलाय गं! घासाला शिवत नाही!" बायको मलाही अरे-तुरेच करते. मग काय!

संध्याकाळी सासू-सासरे बॅगेसकट दारात! बायको अजून कामावरून यायची होती. सासरेबुवा निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी मला माझ्याच घरात समोर बसवलं.

"जावईबापू, आम्हाला सगळं कळलंय. बिनसलं कशावरून?"

माशांसाठी माणसं एवढ्या लांबून आली! मला भरूनच आलं.

"बिनसलं कुठं, बाबा? छान जमलंय! फक्त तिची भीती वाटते. पोरं झाली की खाऊन टाकील!"

सासूबाई मटकन खाली बसल्या.

"म्हणून मध्ये काच लावतोय. तो इकडे, ती तिकडे. फारच त्रास दिला तर परत करू. दुसरी आणायची सोय आहे!"

"सोय?" सासरे ताडकन उठले. "आमची मुलगी काय दुकानातून आणलीत?"

"मुलगी? मी माशाबद्दल बोलतोय!"

"वर तिला मासा म्हणता!"

तेवढ्यात बायको आली. "बॅग भर!" वडील गरजले. तिनं दोघांची बोलणी ऐकली आणि हसत हसत सोफ्यावर आडवीच झाली. मग आईवडिलांचा हात धरून त्यांना टाकीपुढं नेलं. गाल फुगवलेला बाप एका कोपऱ्यात गंभीरपणे तरंगत होता. सासरे बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"बिचारा," ते हळूच म्हणाले. "काच कुठाय? धरतो मी एका बाजूनं."

दुसऱ्याच दिवशी निघायचं म्हणणारी माणसं मुक्कामाला राहिली. आणि एका दुपारी बापानं तोंड उघडलं! नखाएवढी, पट्टेरी पिल्लं एकेक करून बाहेर आली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या, सासऱ्यांनी चष्मा पुसला, बायकोनं माझा हात घट्ट धरला. इतका आनंद मला आमच्या लग्नातही झाला नव्हता, हे तिला सांगायचं मी शहाणपणानं टाळलं.

काल दमून घरी आलो. टाकीपुढं तीन खुर्च्या, तिन्ही भरलेल्या. "चहा मिळेल का?" मी त्यांच्यापुढं जाऊन विचारलं.

"मिळेल की," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "आमच्यासाठीही टाका. आणि जरा सरका, पिल्लं दिसत नाहीत!"