देवाची भिंत आणि नारणभाईंची भिंत

नारणभाई राठवा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला भेटतात, मग माणसांना. आमच्या कारेलीबागेतल्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा हिने पाण्याचा पेला पुढे केला, तर हे भिंतीवर तळवा टेकवून उभे. "भाभी, भींत सारी छे, छान आहे, पण बिचारी एकटी आहे." आठवड्याभरात तिथे घोडा आला. हिने विचारलंही नव्हतं.

ते मूळचे छोटा उदेपूरकडचे. तिकडे नवस फेडायला घराच्या भिंतीवर पिठोरादेवाचे घोडे रंगवतात, आणि हे त्या रंगवणाऱ्यांच्या घरातले. थोरले भाऊ, म्हणजे मोटाभाई, गावीच राहिले. नारणभाई बडोद्याला आले, कॅनव्हासवर काढू लागले आणि घोड्यांमध्ये हळूहळू रिक्षा, गॅसची बाटली असं काहीबाही शिरलं. मोटाभाईंना ते पटलं नाही. त्यांनी इथे पाऊल टाकलं नाही. नारणभाई म्हणत, "देवाच्या भिंतीवर देवाचं चालेल. माझ्या भिंतीवर माझं."

गेल्या दिवाळीआधी आमच्या सोसायटीने त्यांना पार्किंगची भिंत दिली. सेक्रेटरींना अगदी पारंपरिक घोडे हवे होते. घोडे आलेच, पण एकावर ट्यूशनला निघालेली पोरगी आणि एकावर कपाळाला आठ्या घालून खुद्द सेक्रेटरी! ते दोन दिवस फुगून बसले. मग त्यांच्या बायकोने त्यांना भिंतीपुढे उभं करून फोटो काढला, तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला, आणि राग उतरला.

कुणाच्या तरी मोबाइलवरून भिंत गावापर्यंत पोचली असावी. एका सकाळी मोटाभाई एसटीने येऊन थेट पार्किंगमध्ये उभे राहिले. आमच्याकडे चहा घेत बसलेले नारणभाई चप्पल न घालताच खाली धावले, मागोमाग मी. गावी देवाची भिंत पुरी झाल्यावर एकेक चित्र तपासतात, तशी मोटाभाईंनी ही तपासली. पोरीपाशी थांबले, सेक्रेटरींपाशी किंचित हसले. टोकाला एका घोड्यावर कुणीच नव्हतं.

"हा कोणाचा?"

"तुमचा," नारणभाई म्हणाले. "तुम्ही येत नव्हता."

मोटाभाई खाली बसले आणि त्यांनी कुंचला मागितला. घोड्यावर ते स्वतःच फेटेवाला स्वार काढू लागले, जुन्या वळणाचा. नारणभाई शेजारी रंगाची वाटी धरून बसले. वाटी मी धरतो म्हणून मी हात पुढे केला.

"ना ना," ते हळूच म्हणाले. "ती मीच धरायची. धाकटा मी आहे."